बियाण्याच्या गाड्या आणि आमचा सॅम्पल कोड

"टी-शर्ट वाटून झाले का?" निखिलनं फोनवर पहिलं हे विचारलं.

मी तेव्हा जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या गेटवर उभी होते. समोर भरलेल्या गाड्यांची रांग. एकही हलत नव्हती, आणि त्याला कारण आमची कंपनी होती.

"टी-शर्ट गेले खड्ड्यात," मी म्हटलं. निखिल माझा बॉस. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

मी डेव्हलपर रिलेशन्समध्ये काम करते. आमची पुण्याची कंपनी ई-वे बिलाची सेवा देते. गाडीतून माल न्यायचा तर हे बिल लागतं. व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर गाडीची नि मालाची माहिती आमच्याकडे पाठवतं, आम्ही सरकारी पोर्टलवरून बिलाचा नंबर आणून देतो. ही सॉफ्टवेअर्स बाहेरचे प्रोग्रामर बनवतात. आमची सेवा कशी जोडायची हे त्यांना शिकवणं आणि त्यांच्या तक्रारी कंपनीत पोचवणं, हे माझं काम. शिकवण्यासाठी कंपनी मला वाटायचे फुकट टी-शर्ट देऊन गावोगाव पाठवते. तक्रारी मात्र कोणालाच नको असतात. त्यात मी मूळची मंठ्याची, म्हणून जालन्याचा कार्यक्रम हमखास माझ्या गळ्यात.

त्या सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये माझं भाषण चालू असतानाच अनिता उभी राहिली. ही पिंपळगाव रेणुकाईची मुलगी, जालन्यात तिचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे.

"मॅडम, टी-शर्ट ऱ्हाऊ द्या. माझ्या गिऱ्हाइकाचं खातं तुम्ही आज बंद केलं. तुमचा सपोर्ट म्हणून राह्यला, डॉक्युमेंटेशन वाचा. मी वाचूनच केलं ना सगळं!"

कार्यक्रम संपवून मी तिच्या स्कूटीवर बसले आणि थेट एमआयडीसी गाठली. तिथे मुनीम सरकारी साइटवर एकेक बिल हातानं भरत बसला होता आणि ड्रायव्हर त्याच्या डोक्यावर उभे होते. मालक शेठजी आवाज न चढवता बोलले, त्यामुळे जास्तच लागलं.

"बेटा, पेरणी तोंडावर हाये. दुकानदार फोन करून जीव खाऊन राह्यले. संध्याकाळपर्यंत न्हाई झालं, तं मंग मला दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घ्यावं लागंल. बुरा मानू नको."

अनितानं लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. तिच्याकडे मोठं म्हणावं असं हे एकच गिऱ्हाईक होतं.

मी तिचा कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. तो आमचाच होता. आमच्या वेबसाइटवर 'पाच मिनिटांत सुरुवात करा' असं पान आहे, तिथला नमुन्याचा कोड. प्रोग्रामर असा कोड उचलतात, खात्याचं नाव बदलतात आणि कामाला लावतात. जगभर हेच चालतं. आमच्या नमुन्यात असं होतं: उत्तर वेळेत आलं नाही तर लगेच पुन्हा विचारा. मध्ये थांबा, हे कुठेच नाही. एमआयडीसीतलं नेट त्या दिवशी मंद होतं. उत्तर उशिरा येई, तोवर प्रोग्रामनं शेकडो वेळा विचारलेलं असे. आमच्या सिस्टिमला वाटलं हल्ला झाला. तिनं खातं बंद केलं.

हे मी निखिलला सांगितलं. त्यानं सिक्युरिटीच्या समीरला कॉलवर घेतलं.

"चूक डेव्हलपरची आहे," समीर म्हणाला. "सॅम्पल कोड जसाच्या तसा वापरायचा नसतो. तसं लिहिलंय आपण."

"कुठे?"

"पानाच्या अगदी खाली."

"बरं, खातं चालू कर," मी म्हटलं.

"रिव्ह्यू लागेल. दोन वर्किंग डे. नियम आहे."

मी अनितासमोर हे ऐकत होते. संताप संताप झाला. पण ओरडून समीर ऐकणारा नव्हता.

"समीर, ते पान उघड," मी म्हटलं. "लॅपटॉपचं नेट मुद्दाम मंद कर आणि तोच कोड चालव. आत्ता."

"त्यात काय," म्हणत त्यानं चालवला. थोडा वेळ की-बोर्डचा आवाज आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ब्लॉक झालं," समीर म्हणाला.

त्या पानावरच्या कोडमध्ये कंपनीचं डेमो खातं आधीच भरलेलं असतं. सेल्सवालेही तेच खातं वापरतात, आणि त्या घडीला ते एका बड्या ग्राहकाला डेमो दाखवत होते. फोनमधून मला मागचा आरडाओरडा ऐकू आला. एवढं माझ्या डोक्यात नव्हतं, पण मनापासून आनंद झाला.

"समीर, अरे चालू कर लवकर!" निखिल ओरडला.

"रिव्ह्यू लागेल ना," मी म्हटलं. "आणि केलंच तर आधी जालन्याचं."

दोन्ही खाती माझा चहा संपायच्या आत चालू झाली. तोवर अनितानं कोडमध्ये थांबण्याची ओळ टाकून घेतली होती. पहिली गाडी गेटबाहेर पडली तशी शेठजी अनिताकडे वळले.

"तुझं सॉफ्टवेअर बराबर हाये. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "कंपनी बिलकुल ढिली हाये तुमची."

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ते पान दुरुस्त झालं. कंपनीनं सगळ्यांना मेल पाठवला की आमच्या टीमला एक गंभीर बग सापडला. त्यात अनिताचं नाव नव्हतं. मी भांडले, तेव्हा तिच्या नावासह दुसरा मेल निघाला. या नोकरीत मी एवढंच शिकले: जालन्यात बिघडलं तर ती डेव्हलपरची चूक असते, पुण्यात बिघडलं की तिला बग म्हणतात.