आईचा शेक, माझा शेक

स्तनातली गाठ काढून मी शेक घेतला तेव्हा ऐन तिशीत होते. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. कातडी काळवंडली, मलम लावलं आणि थोड्याच दिवसांत मी आमच्या झरी गावच्या शाळेत पुन्हा शिकवायला लागले. म्हणून गेल्या वर्षी, सत्तरी उलटल्यावर, आईला तोच आजार निघाला तेव्हा ती निर्धास्त होती.

"तुला काय झालं? काईच न्हाई. मलाबी न्हाई होत," म्हणाली.

नांदेडला खोली करून निम्मे शेक झाले आणि तिच्या स्तनाखालची कातडी फुटली. डॉक्टरीणबाईंनी शेक थांबवला. "आठवडाभर घरी न्या. त्याहून जास्त खंड नको. कॅन्सरची एखादी पेशी उरली असेल तर तिला तेवढीच सवड मिळते."

झरीला रोज सकाळी मी पट्टी सोडायचे. जखम तशीच ओली. आई माझ्या तोंडाकडं बघायची, म्हणून मी चेहरा हलू द्यायचे नाही. चार दिवसांनी तिनंच विचारलं, "भरंना झालीय ना?" मी हो म्हणाले. तिनं पदर ओढून घेतला.

आठवड्यानं कडेला कुठं कोवळी कातडी धरली होती. आम्ही परत नांदेड गाठलं.

"हिची लवकर भरली, माझी का न्हाई?" आईनं विचारलं.

"शेकानं चांगल्या पेशींनाही मार बसतो. वय झालं की त्या दुरुस्त व्हायला वेळ घेतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरुणपणी पटकन सावरतात."

"मंजी हिला घोर न्हाई."

बाई माझ्याकडं वळल्या. "तसं नाही. एखादी पेशी बिघडलेलीच राहिली, तर तरुण माणसाच्या अंगात तिला कॅन्सर होऊन वाढायला पुढं खूप वर्षं मिळतात. तपासणी चालू आहे ना तुमची?"

आईच्या धावपळीत माझी तपासणी राहिली होती. आई खुर्चीतून उठेचना. "आदी हिची तारीख द्या. मग मी आत जाते."

तारीख मिळाल्यावरच ती मशीनखाली झोपली. पुढच्या आठवड्यात तिचा शेक चालू असताना मी दुसऱ्या खोलीत मॅमोग्राफीच्या फोटोला उभी होते. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. डबा कुणीच उघडला नाही.

माझा रिपोर्ट चांगला आला. आईचे शेकही पूर्ण झाले. जखम भरायला मात्र हिवाळा उजाडला.