तिसरी हाक
आज टोळ माशाचा हिरवा काटा बघून मुलगी ताट ढकलत म्हणाली, ‘पप्पा, इट्स ग्रीन!’ आणि मला आखातातल्या मुसफ्फाची ती खाडी आठवली. आमच्या वर्कशॉपचे फोरमन, रत्नागिरीकडचे चाचा, सुट्टीला पहाटेची फजरची नमाज आटोपून मला टोळ पकडायला काठावर न्यायचे. लांब चोचीचा हा मासा पाण्याच्या अगदी वरून पोहतो, म्हणून गळाला बुचाचा तुकडा बांधून बसायचं. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की बूचही दिसेना. हातातल्या तंगुसाच्या दोरीला हिसका बसला तरच मासा कळणार. इतक्यात समोरच्या काठावरून पुरुषाची हाक आली, ‘कोई है?’ मी ओ देणार, तोच चाचांनी माझं मनगट धरलं. ‘गप. पाण्यावर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही.’ भूत तिसरी हाक मारत नाही, हे आमच्या गावातही लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून मी गप्प बसलो. थोड्या वेळाने हाक पुन्हा आली, या वेळी जरा खालून, पाण्याजवळून आल्यासारखी. आम्ही तिसरीची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही. धुकं विरलं तेव्हा समोर एक घडीची खुर्ची होती, खाली चपला, आणि दगडांत खोचलेल्या काठीच्या गळाला जिवंत टोळ धडपडत होता. चाचांनी पोलिसांना फोन केला; दुपारपर्यंत शोधलं, कुणी सापडलं नाही. चाचा पुन्हा कधी गळ घेऊन बसले नाहीत. मी मात्र तेव्हापासून पहिल्याच हाकेला ओ देतो. बायको म्हणते, ‘अहो, कुणी हाक मारलीच नव्हती.’