टाकी कोणाची

वडिलांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन ठणठणीत होतं, पण अंगाची पार चाळण झाली होती. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या गाड्यांचं असंच होतं. वर्षभर कारखान्यांची हवा आणि त्यावर आमचा पाऊस. टाकीच्या पोटातून पेट्रोल झिरपायला लागलं, तेव्हा मी भोकावर साबण चोळून पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीतून महाडला ये-जा करू लागलो. आईने एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "कपडं धुतोयस का गाडी चालवतोयस?"

त्या मॉडेलची टाकी आता कुठेच मिळत नव्हती. महाडचा माझा मेकॅनिक म्हणाला, दुसऱ्या गाडीची बसवू. टाकी, सीट, बाजूची कव्हरं, सगळंच. मला हे पटेना. एकाची कवळी दुसऱ्याला बसते का? तो म्हणाला, "अहो, जुन्या गाड्या सगळ्या मावसबहिणी. थोडं ठोकायचं, थोडं जोडायचं, नांदतात."

मग भंगारवाल्याकडून एक काळी टाकी आली, आणि सुट्टीच्या दिवशी मी गॅरेजमध्येच बसून राहिलो. मला असलं बघायची खोडच आहे. टाकीच्या पोटाखाली एक खोबण असते, ती गाडीच्या वरच्या पाइपवर खोगिरासारखी बसते. नव्या टाकीची खोबण रुंद, आमचा पाइप बारीक. मध्ये जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, पुढे दोन पट्ट्या वेल्ड केल्या. मागे सीट बोटभर उंच राहिली, तर सीटचाच पाया कापला. संध्याकाळी गाडी उभी राहिली आणि मला ओळखू येईना. फोटो बाहेरगावी असलेल्या वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बैल माझा, झूल तुझी. शोभतोय."

रंग द्यायच्या आधी मेकॅनिक टाकी घासायला बसला. काळ्याखालून निळा रंग निघाला. निळ्याखालून लाल निघाला, आणि त्या लालवर पांढरी अक्षरं दिसायला लागली. स्टिकर नव्हता तो, कुणीतरी ब्रशने, जरा वाकडंतिकडं, लिहिलेलं होतं: आईचा आशीर्वाद. मी त्याला थांबवलं. का थांबवलं ते सांगता येणार नाही. कुणी लिहिलं असेल, एवढंच डोक्यात आलं. गाडी तशीच, अर्धी घासलेली, घरी घेऊन गेलो.

तिथेच चुकलं. आई ओटीवरून उतरली, टाकीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

"भंगारातली."

आमच्याकडे भंगारातली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कशेडी घाट येतो. घाटात गाडी पडते, माणूस जातो, लोखंड भंगारात येतं, असा सरळ हिशोब. आईचाही तोच. ती म्हणाली, "ज्या आईनं आशीर्वाद दिला, तिचा पोरगा जित्ता हाय का, ते आधी बघून ये. तवर मी या गाडीवर बसायची नाय. तू पण बसू नको."

मी हसून टाळायला गेलो. पण आई बाजाराला, दवाखान्यात, मावशीकडे माझ्या मागे बसूनच जाते. गुडघ्यांमुळे फाट्यापर्यंत चालणं तिला जमत नाही. ती बसणार नसेल तर ही एवढी ठोकाठोक कशाला केली? आणि खरं सांगायचं तर, तिने विचारल्यापासून मलाही राहवेना. कामाला जायला दुसरी गाडी नव्हती, म्हणून मी तीच चालवत होतो. रात्रपाळीहून येताना मी त्या लाल रंगाकडे बघायचो आणि अंगावर काटा यायचा. मग मीच मला हसायचो.

भंगारवाला आधी वैतागला. त्याच्याकडे ढीगभर टाक्या, कुठली कुणाची तो काय सांगणार. पण अक्षरं बघितल्यावर म्हणाला, "ही रायगडाकडची. हिरकणीवाडीच्या रस्त्याला एक बाई ताक-भाकरी विकते, तिच्या दारातून टेम्पोत घातली होती. पोरानेच दिली. काळ्याखाली आईचा आशीर्वाद लिहिलाय म्हणाला होता, म्हणून लक्षात राहिली."

म्हणजे पोरगा तेव्हा तरी जिवंत होता. मी आईचा हुकूम पुन्हा मोडून त्याच गाडीवर निघालो. अक्षरं दाखवायची तर दुसरा इलाज नव्हता. पाचाड मागे टाकेपर्यंत मनात त्या पोराचं एक चित्र तयार झालं होतं: जाडजूड, हसरा, आता रिक्षा चालवणारा. त्याला मी विचारणार होतो, निळा रंग का दिलास, मग काळा का दिलास.

टपरी सापडली. रोपवेला आलेली माणसं बाकांवर बसून पिठलं खात होती. बाई आईच्याच वयाची. मी गाडी लावली तेव्हाच ती बाहेर आली होती. ताक मागितलं. तिने पेला दिला तो माझ्याकडे न बघताच. तिची नजर टाकीवर होती.

"हे माझ्या पोरानं लिव्हलंय," ती म्हणाली. "ब्रश नव्हता, तर दाढीच्या ब्रशानं लिव्हलं. मी वरडले होते."

मला इतकं बरं वाटलं की मी घाईने सगळं सांगून टाकलं. टाकी कशी आली, आई कशी अडून बसली. "तेवढंच विचारायला आलोय," म्हणालो, "पोरगा बरा आहे ना?"

तिने पाटीतल्या भाकरीवर फडकं टाकलं. "मुंबईला गेला तो. जाताना गाडी दिली भंगारात. पयल्यांदा फोन यायचा. आता लागत नाय." मग फडक्याची टोकं खोचत म्हणाली, "तुमची आई इचारते तेच मी पण इचारते, दादा. जो येतो त्याला."

मी ताकाचा पेला बाकावर ठेवला. उगाच खोदत आलो, असं वाटलं. निघताना मी तिला माझा नंबर दिला. त्याने काय होणार होतं कोण जाणे.

घरी आईला जसंच्या तसं सांगितलं. तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. आता ही म्हणणार, टाकी परत कर. मी मनातल्या मनात दुसरी टाकी शोधायलाही लागलो होतो.

माझ्या पुढच्या सुट्टीला ती सकाळीच बाहेरची साडी नेसून ओटीवर उभी. हातात पिशवी, तिच्यात घरचे तांदूळ.

"चल."

"कुठं?"

"तिच्याकडं."

"गाडी तीच आहे, आई."

"मंग? दुसरी कुठं हाय तुझ्याकडं?" म्हणत ती एका बाजूला पाय टाकून बसली आणि माझा खांदा धरला. महाड गेलं, नाते गाव गेलं.

टपरीशी पोचलो तर बाई दारातच उभी. आईने उतरून पिशवी तिच्या हातात दिली. "बाय, तुमच्या पोराची टाकी आमच्याकडं हाय," आई म्हणाली. "तो आला की घेऊन जाऊ दे. माझा पोरगा खोलून देईल, आम्ही दुसरी बसवू."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली.

बाईने पदराने टाकीवरची धूळ पुसली. अक्षरांपाशी जरा जपून पुसली.

"तवर चालवा," ती म्हणाली. "मधनंमधनं हिकडं पण या. कुठल्यापण गाडीचा आवाज आला, की मी भायेर येतेच."