गोमा तांडेलच्या कपाटाची कडी

सातपाटीच्या गोमा तांडेलला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, वाऱ्याची भीती नव्हती, लाटेची नव्हती. पण त्या एका वर्षी तो कपाटाला घाबरायचा.

साठ सालानंतरचे ते दिवस. शिडाच्या बोटींना एकेक करून इंजिनं बसत होती, आणि ज्याच्या बोटीला इंजिन बसलं तो किनाऱ्यावरून जरा छाती काढूनच चालायचा. गोमाही चालायचा. इंजिनाबरोबर बोटीवर लहानशी केबिन आली, केबिनीत कपाट आलं. कपाटात चहा, साखर, तांदूळ, काडेपेट्या. कपाटाच्या डोक्यावर होका, म्हणजे दिशा दाखवणारी ती काट्याची डबी. सगळा थाट साहेबाचा. खोट एवढीच, की लाट आली की कपाटाचं दार उघडायचं.

मागल्या खेपेला ते असं उघडलं की काडेपेट्यांसकट सगळं बोटीच्या तळाच्या पाण्यात. चूल पेटेना. पाच खलाशांनी दोन दिवस भिजलेले तांदूळ चावले. किनाऱ्याला लागल्यावर सगळ्यात जुना खलाशी एकनाथ पुढे आला. शिडाच्या काळापासून तो गोमाच्या बोटीवर.

"तांडेल, पुढच्या खेपेला कपाट उघडलं तर आमी पाचही जण नामदेवच्या बोटीवर जाणार. तिथं चाय तरी गरम मिलते."

एकनाथ शब्दाचा पक्का, हे गोमाला ठाऊक. खलाशी गेले म्हणजे बोट चिखलात बसली.

त्याची बायको हंसा हे ऐकून हसली. तिच्या स्वयंपाकघरातल्या सुक्या मासळीच्या कपाटाला लाकडाची फिरकी होती. बोटाएवढी चकती, मधोमध एक स्क्रू, ढिली होऊ नये म्हणून खाली जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा. फिरवली की दार बंद.

"ही लावा. नऊ वरसं झाली, एकाबी मांजरीला उघडता आली नाय."

"मांजर आनि दर्या एकच काय गो?"

"नाय, मांजर जास्त हुशार."

पण इंजिनाच्या बोटीला लाकडाची फिरकी? लोक काय म्हणतील? गोमा कोट घालून पालघरच्या बाजारात गेला.

दुकानदाराने लोखंडी कडी दाखवली. गोमाने ती जिभेला लावून पाहिली. "ही आठ दिवसांत गंजणार." पितळेची दाखवली. तिचा भाव ऐकून ती त्याने इतक्या अलगद खाली ठेवली जणू तापलेली होती. मग स्प्रिंगची. ती त्याने दुकानाच्याच कपाटाला धरून कपाट असं गदगदा हलवलं की वरचे दोन कंदील खाली आले. दुकानदाराला घाम फुटला. गोमाला लवकर वाटेला लावायचं म्हणून त्याने आतून नवीन माल काढला: लोहचुंबकाची कडी. चुंबक दाराला, पत्रा चौकटीला. टक् करून चिकटते, आणि स्वस्तही.

गोमाने दहा वेळा टक् करून पाहिलं. अकराव्यांदा हसला.

त्या खेपेला दर्याने काय काय केलं नाही! बोट आडवी झाली, उभी झाली, कपाट मात्र गप्प. पाच वेळा गरम चहा झाला. गोमा कपाटाकडे लेकाकडे बघावं तसा बघत होता. परतीला सकाळी धुकं आलं, तेव्हा त्याने होक्यावर नजर ठेवून सुकाणू धरलं.

"तांडेल, पानी आपल्याकडचं वाटत नाय," एकनाथ म्हणाला.

"होका काय खोटं बोलतो?"

एरवी गोमाने दोरीला शिसं बांधून तळाचा चिखल वर काढला असता आणि त्यावरून जागा ओळखली असती. बापाने शिकवलेलंच होतं ते. पण आता होका होता ना.

धुकं विरलं तेव्हा समोर पोफळीच्या बागा. बोट सातपाटीऐवजी दक्षिणेच्या शेजारच्या माहीमला येऊन लागली होती. किनाऱ्यावरची एक म्हातारी टोपली खाली ठेवून ओरडली, "तांडेल, कुनाच्या लग्नाला आलाव?"

बोट वळवून सातपाटीला आणली. उतरताना एकनाथ म्हणाला, "कपाट उघडलं नाय, म्हंजे तुमी शब्द पालला. पन आमाला घरी जायला तांडेल पायजे. उद्याच्या भरतीपर्यंत सांगा, काय बिघडलं ते."

गोमाने होका काढून घरी आणला. ओट्यावर ठेवला, तर काटा अगदी सरळ उत्तरेला. पुन्हा बोटीवर नेला, तर तिरपा. पुन्हा घरी आणला, तर सरळ.

हंसा निवांत कोलंबी सोलत बघत होती. "घरी शाना, बोटीवर येडा. तुमचं बरं उलटं हाय." मग तिने विचारलं, "बोटीवर याच्याखाली काय असतं?"

"कपाट. आनि कपाटाला दोष देऊ नको हां! थांब, दाखवतो कडी कशी हाय ती." रागारागाने जाऊन त्याने दारच उपटून आणलं आणि कौतुकाने तिच्यापुढे धरलं.

ओट्यावरचा काटा गर्रकन फिरला आणि दाराकडे बघत उभा राहिला.

गोमाने दार मागे नेलं. काटा सरळ. पुढे आणलं. काटा पुन्हा दाराकडे. हंसा कोलंबी सोलायची थांबली.

"म्हंजे माहीमला ह्याने नेलं," गोमा हळूच म्हणाला.

हंसा उठली, स्वयंपाकघरात गेली, कपाटाची फिरकी स्क्रूसकट काढून आणली, चामड्याच्या तुकड्यासकट, आणि त्याच्या हातावर ठेवली. हसली नाही. त्याचंच गोमाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भरतीला पाचही खलाशी बोटीपाशी आले. गोमाने काही न लपवता सगळं सांगितलं, माहीमचं खापर स्वतःवर घेतलं. एकनाथ वर चढला. कपाटाला लाथ मारून पाहिली. फिरकीने धरलेलं दार हललं नाही. होक्याकडे बघितलं. मग किनाऱ्यावर उभ्या हंसाकडे बघून त्याने हाळी दिली, "वयनी, जाऊ ना?"

"जा! पन पानी ओलखीचं नाय वाटलं तर तांडेलच्या डोक्याला फिरकी लावा."

पाचही जण हसत चढले. बोट सुटली. गोमाने सुकाणू धरलं आणि सगळ्यात आधी दोरीचं शिसं हाताशी आहे ना, ते चाचपून पाहिलं.

घरी हंसाने सुक्या मासळीच्या कपाटाला चुंबकाची कडी लावली. तिसऱ्या दिवशी मांजरीने ती उघडली.