लोणीबाई आणि बिनलोण्याचा केक

बेकरीत तिला सगळे लोणीबाई म्हणतात. मालक म्हणतो, "बाईंनी हात लावला तर केक फुगतो, नाही लावला तर गिऱ्हाईक फुगतं!"

घरी तिचं गिऱ्हाईक एकच, सासरे. रविवारी जेवण झालं की मामंजींना थोरल्या सुनेच्या हातचा लोण्याचा केक लागायचा. मग त्यांच्या हृदयानं कुरकुर केली, डॉक्टरांनी लोणी आणि क्रीम बंद केलं आणि आहारतज्ज्ञ धाकट्या जावेचं राज्य आलं.

"ताई, हा केक अंड्याच्या फक्त पांढऱ्याचा. मग साय काढलेलं घट्ट दही, वर बेरी, परत केक," धाकटी फेस घुसळत म्हणाली. "चरबी जवळजवळ नाहीच. दह्यातून प्रोटीन, बेरीतून फायबर. साखर तेवढी आहे, म्हणून वाटी लहान."

"आणि चव? ती कशात मोजतात?"

धाकटी मनापासून हसली. थोरलीच्या पोटात आणखीच दुखलं.

"ताई, भांड्याला आतून तेल लावू ना?"

असला केक भांड्याच्या कोरड्या भिंतीला धरून वर चढतो. तेल लागलं की घसरला. लोणीबाईला हे झोपेतही ठाऊक.

"लाव की. चांगलं सढळ हातानं लाव."

केक चढला आणि बदकन बसला. धाकटी रडकुंडीला आली. बाहेरून मामंजी ओरडले, "काय गं, आज नुसता वासच का?"

थोरलीला खरं तर गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. पण बिघडलेला केक समोर दिसला आणि तिचे हात शिवशिवू लागले.

"सरक तिकडं!"

तळाचा चिकट थर तिनं काढून टाकला, उरलेला हातानं कुस्करला. थोड्या बेरी चेचून त्यांचा रस केकला पाजला. मग दही, बेरी, केक असे थर काचेच्या वाट्यांत लावले.

मामंजींनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"धाकटे, काय हात आहे गं तुझा! थोरलीला शिकव जरा."

"अहो मामंजी, माझा केक तर बसला होता! हे सगळं ताईंनीच..."

"जावेला मोठेपणा देतेस होय? गुणाची पोर!"

थोरलीनं तोंड उघडलं. केक माझ्यामुळे सावरला म्हणावं, तर तो बसला कशामुळे, तेही आलंच. तिनं तोंड मिटलं, स्वतःची वाटी ओढली आणि एक घास घेतला.

फर्मास झालं होतं. तेच तिला सोसेना.