झरीनाच्या राण्या

झरीना गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. आजार मोठा होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी बातमी ऐकून मी सुन्न झाले. आणि खरं सांगायचं तर मनात पहिलं नाव आलं ते तिच्या धाकट्या बहिणीचं, शबनमचं. आता तिचं काय होणार? (दोघींची नावं मी इथे बदलली आहेत.)

सौदीत, जेद्द्याच्या एका भारतीय शाळेत आम्ही सात-आठ वर्षं एकत्र शिकवलं. मी नाशिकची, नवरा राबिघच्या रिफायनरीत. ती रत्नागिरीकडची, सासरचं जेद्द्याच्याच शराफिया भागात कापडाचं दुकान. दुकानाचा माल मुंबईहून तिचे वडील पाठवत. दोन्ही घरांचा धंदा घट्ट राहावा म्हणूनच हे लग्न झालं होतं. "मेधाताई, मी मालाच्या गठ्ठ्याबरोबरच आले," असं ती हसत हसत सांगायची.

इतिहास शिकवताना मात्र ती हसायची नाही. युरोपातल्या मध्ययुगीन राजकन्या हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. कोण कुणाकडे दिली, कोणता तह कुणाच्या लग्नावर टिकला, हे तिला घरच्या नात्यांसारखं पाठ होतं. मी चिडवायची, की तुझ्या राण्यांपेक्षा माझी समीकरणं सोपी. एकदा वर्गाबाहेर उभी राहून मी ऐकलं. पोर्तुगालच्या राजाला स्पेनची राजकन्या दिली, ती बाळंतपणात गेली. नातं तुटू नये म्हणून तिची धाकटी बहीण पाठवली. तीही गेली, तेव्हा दोघींची भाची. एका मुलीने इंग्रजीत विचारलं, की त्यांना कुणी विचारलं नाही का? "विचारतात ना," झरीना म्हणाली, "सगळं ठरल्यावर." वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

मग ती आजारी पडली. मुलगा जेमतेम चार वर्षांचा. सासू थकलेली, नवरा दुकानात. शबनम गावाहून रोज फोन करायची, मी येते, व्हिसा काढा म्हणून. झरीना दरवेळी नको म्हणायची, तेही तुटकपणे. खरं तर बहिणीसाठी तिचा जीव तुटत होता. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची... शेवटी मी रागावले. माणसाने इतकं हट्टी असू नये, म्हटलं.

"ती आली तर परत जाणार नाही, ताई," ती म्हणाली. "पोर तिला लळा लावेल. घर तिच्या हाताखाली येईल. मग मी गेले की वेगळं काही ठरवावंच लागणार नाही. तिला यातलं बोलू नका. कळलं तर ती अब्बांशी भांडेल, दोन्ही घरं फुटतील."

शबनमला न भेटताच झरीना गेली. मी भेटायला गेले तेव्हा सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन रडत होत्या. वाईट बाई नव्हे ती. सुनेवर माया होती. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माय मरो, मावशी जगो म्हणतात, ते काय खोटं?" त्या म्हणीत लहानपणापासून मला फक्त प्रेमच दिसलं होतं. त्या दुपारी त्यात शबनमला आलेलं बोलावणं ऐकू आलं.

गेल्या आठवड्यात त्या घरी पुन्हा गेले. दार शबनमने उघडलं. निकाह ठरला होता. झरीनाच्या खोलीत, झरीनाच्याच पलंगावर ती माझ्याशेजारी बसली. तिच्या मांडीवर पोर झोपलं होतं. मी विचारलं, तुझ्या मनात आहे ना हे?

"आपाने मला शेवटपर्यंत येऊ दिलं नाही," ती म्हणाली. "माझं काय चुकलं होतं, कळलंच नाही. वाटलं, आता तरी तिच्या उपयोगी पडावं. म्हणून हो म्हटलं."

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली, पोराच्या केसांतला तिचा हात थांबला. काहीतरी बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं... तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंनी हाक मारली, "झरीना, पोर उठलं का गं?"

त्यांना चूक कळलीही नाही. शबनमने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ओ दिली.