सासरी दिलेली फांदी

आमच्या कोपऱ्यावरचा रिक्षावाला आरशाशेजारी बाटलीत मनीप्लँट वाढवतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्याची फांदी देतो आणि मग भर चौकात तिची चौकशी करतो. मलाही दिली होती.

"पावणं, आमची लेक नांदती न्हवं?"

"मस्त वाढलीय," मी ठोकून द्यायचो.

काल तांदळाचं पोतं चढवायला तो घरात आला. खिडकीत कोरड्या बाटलीत त्याची फांदी काळी पडलेली होती. पोतं ठेवताना त्यानं ती बघितली आणि तो जिना उतरला.

आज स्टॉपवर दुसऱ्या रिक्षावाल्यानं त्याच्याकडं बोट दाखवत मला हटकलं, "काय पावणं, ह्याची लेक कशी हाय?"

मी खिशात सुटे पैसे शोधायला लागलो.

आमचा रिक्षावालाच ओरडला, "लै झ्याक हाय! काल बघून आलोय की!"

एरवी तो आरशातून माझ्याशी बोलत असतो. आज गंगावेशीपर्यंत त्यानं आरशात बघितलं नाही आणि मला त्या बाटलीकडं बघवेना.